खडकाचं बारसं

गर्व्हनच्या नोंदणी कचेरीत
माझं टेबल खिडकीला लागून होतं.
खिडकीत समुद्र, समुद्रात दहाएक मैलांवर
एल्सा क्रेग.
पालथ्या वाडग्यासारखा एक खडक.
पक्ष्यांखेरीज तिथे कुणी जन्मल्याची
नोंद माझ्या हातून झालेली नाही.

गावात म्हणतात,
खडक दिसला तर पाऊस येणार,
नाही दिसला तर आलाच आहे.

त्या मंगळवारी तो दिसत होता.
सेंगा मॅकक्रिंडल आली.
टोपलीत अठरा दिवसांची मुलगी,
मागे नवरा, हातात टोपी,
बुटांना हेरिंगचे खवले.

"नाव?"
"एल्सा."

मी पेन उचललंच नाही.
मला त्यांचं घराणं ठाऊक होतं.
सेंगाची आई अ‍ॅग्नेस. आजी अ‍ॅग्नेस.
शेवाळलेल्या दगडाखाली पणजी, तीही अ‍ॅग्नेस.
नवऱ्याच्या नावेचं नावसुद्धा तेच,
सासऱ्याने हुंड्यासारखं चिकटवलेलं.
सेंगाच्या वेळी तिच्या बापाला कंटाळा आला
आणि त्याने तीच अक्षरं उलटी लावली.
म्हणजे तीही अ‍ॅग्नेसच,
फक्त आरशातली.

"मला उसनं नको," सेंगा म्हणाली.
"हिचं नाक अमकीचं, हट्ट तमकीचा,
आतापासूनच वाटण्या चालू आहेत.
खडक कुणाचा कोण लागत नाही.
बाळंतपणाच्या खोलीतून दिसत होता. सोळा तास.
दाई बदलली, डॉक्टर जेवून आले,
हा तिथून निघून गेला.
एकटा तो हलला नाही."

नवऱ्याने टोपी एकदा फिरवली.
"आणि वाऱ्यात हाक मारायला बरं आहे."
त्याचं म्हणणं एवढंच.
मला तेच जास्त पटलं.

बाहेर बाकावर सासू, एल्स्पेथ.
दोघं आत नाव ठेवत होती,
ती बाहेर नावं ठेवत होती.
"पोटी धोंडा आला,
असं कुणी आपणहून लिहून देतं का?"

मी लिहिलं. रकाना दोन बोटं रुंद.
कशासाठी ठेवलं, याला रकाना नसतो.

पण मला खोड.
गेलिक येणाऱ्या जुन्या मास्तरांकडे गेले.
ते म्हणाले, कुणी सांगतं एका नॉर्स माणसाचं बेट,
माणूस कोण, ते बेटालाच माहीत.
कुणी सांगतं पऱ्यांचा खडक.
"आणि आमच्या भाषेत म्हणाल, तर
एलिझाबेथचा."

एलिझाबेथ.
आणि एल्स्पेथ म्हणजे तरी काय,
एलिझाबेथच, इथल्या पाण्यात धुऊन आटलेली.

आठवडाभर मी तोंड दाबून राहिले.
मग मासेवाल्याच्या रांगेत
सासूच्या कानात सांगून टाकलं.
ती काही बोलली नाही.
एकाऐवजी दोन हॅडॉक घेतले.
पुढे त्या पोरीच्या एकाही वाढदिवसाला
तिने धोंडा हा शब्द काढला नाही,
आणि सेंगाला शेवटपर्यंत कळलं नाही
म्हातारी एवढी विरघळली कशी.

एल्सा मोठी झाली, मॅनिटोबात गेली.
पासपोर्टासाठी दाखल्याची नक्कल मीच दिली होती,
म्हणून असेल, एका हिवाळ्यात पत्र आलं.

"इथे लोक बर्फावर दगडी गोटे सरकवतात.
वीस किलोचे, घोटून आरशासारखे केलेले.
कुठून येतात विचारलं, तर म्हणाले,
स्कॉटलंडजवळ कुठलं तरी बेट आहे.
मी नाव सांगितलं, तर त्यांना वाटलं
मी माझीच ओळख करून देतेय.
गोट्यावर हात ठेवला. गार होता, आणि मला एकदम
आईच्या स्वयंपाकघराची काच आठवली.
सोडला, तर मागून सगळे ओरडायला लागले,
जसे बाबा धक्क्यावरून मला ओरडायचे."

पत्र खणात ठेवलं,
त्या वर्षाच्या वहीत नाही, नियम आहे.
खिडकीकडे पाहिलं.
खडक नव्हता.

छत्री घेऊनच निघाले.